अर्बाबांची परवानगी

नव्या माणसाशी ओळख करून घेताना लोक नाव, गाव, कंपनी सांगतात. आमचे साहेब पोट सांगायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी ओमानला गेलो, सहममध्ये, एका रस्त्याच्या कामावर ज्युनियर इंजिनिअर म्हणून. मस्कतच्या विमानतळावर मला घ्यायला साहेब स्वतः आले होते. उंच, वाळके, खांद्याला एक निळी कापडी पिशवी. हात मिळवला आणि पहिला प्रश्न विचारला, "विमानातलं टॉयलेट कसं होतं?"

"मी गेलोच नाही," मी म्हटलं.

"भाग्यवान आहात," ते म्हणाले आणि माझी बॅग उचलून चालायला लागले.

मग मस्कत ते सहम या सगळ्या प्रवासात त्यांनी मला बाटिना किनाऱ्याचा भूगोल समजावून दिला. हा पेट्रोल पंप उत्तम, पाणी चोवीस तास. ती मशीद, मागच्या बाजूला सोय आहे, फार स्वच्छ, पण शुक्रवारी दुपारी नाव काढू नका. खाबुरा आल्यावर त्यांनी गाडी जरा हळू केली. "इथल्या पंपावर चावी काउंटरवर मागावी लागते. आणि तो माणूस चावी शोधतो. शोधतो, लक्षात घ्या." खाबुऱ्याचा बाजार चांगला आहे, समुद्र आहे, शेती आहे, हे सगळं मला पुढे इतरांकडून कळलं. साहेबांनी खाबुऱ्याला त्या चावीसाठी कधीच माफ केलं नाही.

पोटाला ते 'अर्बाब' म्हणायचे. आखातात अर्बाब म्हणजे मालक, स्पॉन्सर. आपला पासपोर्ट त्याच्याकडे, सुट्टी त्याच्या हातात, कुठे जायचं तर त्याला विचारून जायचं. "माझाही अर्बाब असाच आहे," साहेब सांगायचे. "फरक एवढाच, की कंपनीचा अर्बाब वर्षातून एकदा तरी सुट्टी देतो." मीटिंग चालू असताना ते अचानक उठायचे, पेनाला टोपण लावायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "अर्बाबांनी बोलावलंय." आमचा ब्रिटिश मॅनेजर नवीन होता तेव्हा त्याला वाटायचं, कंपनीचे ओमानी मालक ह्यांना रोज बोलावतात, म्हणजे माणूस भलताच वजनदार असणार. तो काही महिने साहेबांशी फार अदबीने वागला. साहेबांनी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

साइटवर त्यांचा एकच हट्ट असे. कंत्राटदाराने खडी टाकण्याआधी टॉयलेटची केबिन उभी केली पाहिजे. तिची तपासणी ते स्वतः करत. दाराची कडी, पाण्याचा नळ, आतून दिसणारी फट. डांबराची चाचणी आम्ही करायचो तेवढ्या काळजीने हे सगळं चाले. एका पंजाबी कंत्राटदाराने हे हेरलं आणि ह्यांच्यासाठी खास केबिन बांधली. आत फरशा, आरसा, एक्झॉस्ट फॅन, साबण गुलाबाच्या वासाचा. साहेबांनी ती पाहिली, डोळे भरून पाहिली, आणि बाहेर येऊन त्याच्या रस्त्याचा थर कमी जाडीचा आहे म्हणून उखडायला लावला. "केबिन ए-वन है," ते त्याला म्हणाले. "ऐसा ही रोड बनाओ."

आजाराला तेव्हा नाव नव्हतं. म्हणजे असेल, पण साहेबांपर्यंत पोचलेलं नव्हतं. सहमच्या पॉलिक्लिनिकमधला डॉक्टर सगळ्या तपासण्या करून 'नॉर्मल' म्हणायचा. हा शब्द साहेबांच्या अंगावर काटा आणायचा. "रिपोर्ट नॉर्मल आहेत हो, मी नाहीये," असं ते काकुळतीने सांगायचे, आणि ऐकणारा माणूस हमखास म्हणायचा, "टेन्शन घेऊ नका." टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्यांची साहेबांना फार चीड. मग उपाय सुरू व्हायचे. अकाउंट्समधल्या मल्याळी बाईंनी जिऱ्याचं पाणी सांगितलं. पंजाब्याने दोन पेग सांगितले. आमच्या ओमानी सुपरवायझरने लुबान रात्रभर पाण्यात भिजवून आणून दिला. साहेबांनी तो देवाचा धूप डोळे मिटून प्यायला आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, "अर्बाब नाराज." तो बिचारा घाबरून कंपनीच्या मालकांकडे माफी मागायला निघाला होता.

पुढे मस्कतच्या एका स्पेशालिस्टने त्यांच्या आजाराला नाव दिलं. आयबीएस. आतड्याचा स्वभावच तसा, जिवाला धोका नाही, बरा होत नाही. ऐकणाऱ्याने खचून जावं असंच हे सगळं होतं. साहेब मात्र घरी बारसं झाल्यासारखे आनंदात ऑफिसात आले आणि त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. स्वतः एकही खाल्ला नाही.

खायचे काय, तर मऊ भात, मुगाचं पाणी, उकडलेला दुधी. दूध नाही, गहू नाही, तिखट नाही, तळलेलं नाही, कच्चं नाही. हे सगळं त्या निळ्या पिशवीत असे. एक डबा, उकळलेल्या पाण्याचा एक फ्लास्क आणि एक स्टीलचा पेला. कुणाच्याही घरी गेले की आधी टॉयलेट पाहून घ्यायचे, मग पिशवी उघडायची. आपलं पाणी आपल्या पेल्यात ओतायचं, आपला भात आपल्या डब्यातून खायचा. मराठी मंडळातल्या बायका वैतागायच्या. गणपतीत तर ते मोदक हातात घेऊन नमस्कार करायचे आणि तो शेजाऱ्याला द्यायचे. कुणी त्यांना कंजूष म्हणे, उलट आपल्यालाही कुणाला जेवायला बोलवावं लागू नये म्हणून खात नाहीत. कुणी म्हणे, बायको पुण्याला आहे, रुसून इथे उपास करतात. साहेब कुणाचं काही मनावर घेत नसत. निदान माझी आई येईपर्यंत तरी.

आई आली ती मार्चमध्ये, व्हिजिट व्हिसावर. विक्रोळीहून पहिल्यांदाच विमानात बसून. माझा फ्लॅट किराणा दुकानाच्या वर होता, तिला तो आवडला. समोरचा मासळीबाजार तर तिने दोन दिवसांत ताब्यात घेतला. कोकणी मराठीत ती सुरमईचा भाव पाडायची आणि ओमानी कोळी हसत हसत पाडून द्यायचा. मुलाच्या साहेबांना जेवायला बोलवायचं, हे तिने मुंबईहून येतानाच ठरवलं होतं. मी म्हटलं, "ते काही खात नाहीत." ती म्हणाली, "माझ्या हातचं खातील."

साहेब आले. आईने तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण, सोलकढी केली होती. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला, टॉयलेट पाहून आले, खाली बसले आणि पिशवी उघडली. आईने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या-भांडं ठेवलं होतं. त्यांनी ते हलक्या हाताने बाजूला सरकवलं आणि फ्लास्कमधलं पाणी आपल्या पेल्यात ओतलं.

आई एकदा त्या पेल्याकडे बघून आत गेली आणि साहेब जाईपर्यंत बाहेर आली नाही.

इथे थोडं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आई महाडकडच्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी तिला पाणी हवं असलं तर ओंजळ धरून उभं राहावं लागे आणि कुणीतरी हात वर ठेवून लांबून ओतत असे. वाड्यावरचा माणूस त्यांच्या वस्तीत आलाच तर आपलं पाणी बरोबर घेऊन येई. साहेबांचं आडनाव तिने माझ्याकडून ऐकलेलंच होतं. पेला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आता तिला आयबीएस समजावून सांगायचं म्हणजे माझी काय अवस्था झाली असेल ते बघा.

"आई, त्यांचं पोटाचं आहे."

"पोटाचं सगळ्यांचंच असतं," ती म्हणाली. "पाणी पण नाय प्यायला तो माणूस."

"ते सगळीकडे असंच करतात."

"सगळीकडे आपल्या घरासारखं नसतं बाबा."

हे मी साहेबांना सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं, कारण ते पुढच्या आठवड्यात परत येतो म्हणत होते. त्यांच्या सगळं लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. इतकी वर्षं लोकांनी त्यांना कंजूष म्हटलं, वेडा म्हटलं, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. हे मात्र त्यांना लागलं. "त्यांना वाटतं मी तसला आहे?" एवढंच ते म्हणाले आणि लगेच अर्बाबांनी त्यांना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आईची समजूत काढायला हजर. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी तिला मोठं आतडं, लहान आतडं, मोटिलिटी, स्पॅझम, सेन्सिटिव्हिटी असं सगळं सांगितलं. हातवारे करून आतड्याची वळणं दाखवली. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "सोवळं आता इंग्लिशमध्ये पाळतात वाटतं."

मे महिन्यात मस्कतजवळच्या बौशरला आमच्या मंडळींचा बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. मस्कतमधली बौद्ध कुटुंबं एका इंजिनिअरच्या व्हिलात जमणार होती, वंदना, जेवण, खीर. सहमहून जायचं कसं? ओमानच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी तोवर इतक्यांदा नापास झालो होतो, की तिथला पोलीस मला लांबूनच बघून मान हलवायचा. साहेब म्हणाले, "मी नेतो तुम्हाला." आई म्हणाली, "त्यांच्या गाडीला चालंल काय आपण बसलेलं?" मी हात जोडले. शेवटी ती पांढरी साडी नेसून कंपनीच्या पिकअपमध्ये मागच्या सीटवर ताठ बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. साहेब आरशातून तिच्याकडे बघत होते. टेन्शन घेऊ नका असं मला म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही.

खाबुऱ्याच्या अलीकडेच अर्बाबांनी बोलावलं.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. मागचा पंप लांब राहिला होता आणि पुढचा तो चावीवाला. "त्याच्याकडे मी जाणार नाही," असं दात आवळून म्हणत त्यांनी गाडी हायवेवरून खाली, लिंबांच्या बागांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला घातली. एका शेतघराच्या फाटकापाशी गाडी थांबवून ते उतरले, दोन पावलं टाकली आणि फाटकाला धरून उभे राहिले. पुढे जाववेना आणि हाकही मारवेना. परक्याच्या घरी, भर शुक्रवारी सकाळी, काय म्हणून हाक मारणार?

मी दार उघडेपर्यंत आई खाली उतरलेली. तिने सरळ फाटकाची कडी वाजवली. आतून एक म्हातारी ओमानी बाई आली, अंगावर रंगीत ओढणी. आईने साहेबांकडे बोट दाखवलं, मग स्वतःचं पोट धरून तोंड वेडंवाकडं केलं. त्या बाईला ताबडतोब कळलं. तिने साहेबांचा हात धरला नाही इतकंच, बाकी पोरासारखं हाकलत त्यांना आत नेलं आणि अंगणाच्या कोपऱ्यातलं दार दाखवलं.

साहेब बराच वेळ आले नाहीत. तेवढ्यात सावलीत चटई पसरली गेली. घरधनी आले, पांढरी दाढी, हातात काठी. कहवा आला, खजूर आले, हलव्याचं भांडं आलं. आई आणि ती म्हातारी एकमेकींच्या बांगड्या बघत होत्या. साहेब बाहेर आले ते धुतल्यासारखे, अगदी हलके होऊन. घरधन्यांनी त्यांना मानाने शेजारी बसवलं आणि कहव्याचा पेला पुढे केला.

ओमानी माणसाच्या घरी कहवा नाकारायचा नसतो. हे तिथे राहणाऱ्या पोरासोरांना माहीत असतं, साहेबांना तर असणारच. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. खजुराकडे पाहिलं. मग हळूच पिशवीतून फ्लास्क काढला आणि मोडक्या अरबीत म्हणाले, "अर्बाब, माफी. बतन मुश्किल." बतन म्हणजे पोट. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'अर्बाब' हा शब्द खऱ्या यजमानासाठी वापरला असावा. म्हातारे खो खो हसले आणि म्हणाले, बतन मुश्किल तर खलास, विषय संपला, बस, आराम कर.

आई मात्र फ्लास्ककडे बघत होती. "इथे पण?" ती म्हणाली. "ज्यांनी लाज राखली, त्यांच्या दारात पण आपलंच पाणी?"

साहेबांनी फ्लास्क खाली ठेवला.

"आई," ते म्हणाले, "तुमच्या घरचं मला चालत नाही, असं नाहीये हो. मला कुणाच्याच घरचं चालत नाही. माझ्या आईच्या हातचंसुद्धा चालायचं नाही. ती सणाला पुरणपोळी करायची. मग मी आत, कडी लावून. आणि ती दाराबाहेर बसून रडायची, माझ्या हाताला काय झालंय म्हणून. शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं, की तिचंच काहीतरी चुकतंय. आता तुम्हालाही..."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. घरधनी गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

आई एकदम म्हणाली, "अरे मेल्या, मग हे आधी नाय बोलायचं?"

"बोललो होतो ना."

"ते इंग्लिशमध्ये!" आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. ती हसली म्हणून ओमानी म्हातारी हसली, म्हातारे हसले, आणि साहेब डोळे पुसत हसले. त्यांच्या वाटचा कहवा आईने घेतला, माझ्या वाटचा खजूर घेतला आणि हलवाही दोनदा घेतला. कुणाला वाईट वाटू नये म्हणून, असं ती नंतर म्हणाली.

त्या दिवसापासून ते तिच्यासाठी 'तो माणूस' राहिले नाहीत. बौशरला खीर वाटताना यजमानीणबाई साहेबांपुढे वाटी घेऊन उभ्या राहिल्या. बुद्धपौर्णिमेची खीर, एक चमचा तरी घ्या, नाही म्हणू नका. साहेबांची बोटं पिशवीच्या बंदाशी चाळा करायला लागली. त्या बाईंच्या चेहऱ्यावर मला तेच दिसायला लागलं, जे आईच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. तेवढ्यात आई मध्ये आली. "त्याला आग्रह करू नकोस गं. दुधाने त्याला त्रास होतो. त्याच्या आईचं पण नाय चालायचं त्याला." मग तिने त्यांच्या पिशवीतून फ्लास्क काढून घेतला, स्वयंपाकघरात जाऊन स्वतः पाणी उकळलं, गार केलं आणि भरून आणून दिला. साहेब ते पाणी प्यायले. त्यांनी ते कसं उकळलं, किती उकळलं, काहीही विचारलं नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो म्हणून सांगतो, ही साधी गोष्ट नव्हती.

आई परत जायच्या आधी तिने त्यांना जेवायला बोलावलं. पुन्हा. "पेज करते," म्हणाली. "मीठ सोडून त्यात काय पण नाय." साहेबांनी अर्बाबांशी दोन दिवस वाटाघाटी केल्या आणि आले. पितळीत वाढलेली ती पातळ पेज त्यांनी भुरके मारून संपवली, आणखी मागितली. आई समोर बसून बघत होती. जाताना ते इतके घाईने पायऱ्या उतरले, की आम्ही दोघं गॅलरीत जाऊन बघत राहिलो, गाडीपर्यंत पोचतात की नाही.

सकाळी ते साइटवर आले नाहीत. आजवर असं कधी झालं नव्हतं. पंजाब्याने विचारलं, ब्रिटिश मॅनेजरने विचारलं. आईला मी फोनवर सांगितलं तर ती म्हणे तांदळाच्या डब्यात हात घालून दाणे बघत बसली. शेवटी ओमानी सुपरवायझरला घेऊन मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो आणि दार बडवलं. खूप वेळाने दार उघडलं. साहेब लुंगीवर, डोळे सुजलेले, केस उभे.

"काय झालं?" मी ओरडलो.

"झोप लागली हो," ते चकित होऊन म्हणाले. "अर्बाबांनी उठवलंच नाही."

त्यानंतर आईने फोनवर माझी तब्येत विचारायच्या आधी त्यांचं पोट विचारलं नाही, असं फार कमी वेळा झालं. माझं लग्न झालं, मुलगी मस्कतच्या शाळेत जायला लागली, साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले. आई गेली ती त्यानंतर काही वर्षांनी, विक्रोळीच्या घरात. मी ओमानहून आलो. साहेबांना कळवलं होतं, पण ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पुण्याहून विक्रोळी म्हणजे त्यांच्या हिशेबाने केवढा मोठा प्रवास, आणि मधला घाट त्यांना अजिबात भरवशाचा वाटत नसे.

आईच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे निधनानंतरच्या वंदनेच्या दिवशी, ते आले. आणखी वाळलेले, काठी टेकत, खांद्याला तीच निळी पिशवी. घर नातेवाइकांनी भरलं होतं. गावाकडचे काका, मामा, माझी थोरली आत्या. त्यांनी ह्यांचं नाव ऐकलं, आडनाव ऐकलं, आणि बोलणं जरा थांबलं. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांनी एखाद्या घरात शिरून आधी टॉयलेट पाहिलं नाही. ते सरळ आईच्या फोटोपुढे गेले, हात जोडून उभे राहिले आणि मग भिंतीला टेकून बसले.

आत्याने माठातलं पाणी आणलं. काचेच्या ग्लासात, तांब्यातून ओतून. उकळलेलं वगैरे काही नाही, विक्रोळीचं नळाचं पाणी. साहेबांचा हात सवयीने पिशवीकडे गेला. खोलीतले सगळे बघत होते. मी म्हणायला लागलो, "आत्या, त्यांना ते..."

साहेबांनी मला हातानेच थांबवलं. पिशवी खांद्यावरून काढून मागे ठेवली, आत्याच्या हातातून ग्लास घेतला आणि एका दमात सगळं पाणी प्यायले. रिकामा ग्लास परत देत म्हणाले, "आईंच्या घरचं आहे." इतका वेळ आवरून धरलेलं रडू मला तेव्हा आलं.

मी डोळे पुसून वर पाहिलं तर साहेब माझ्या कानाशी वाकलेले. "टॉयलेट घरातच आहे ना हो?"

"आहे. मोरीच्या शेजारी."

ते काठी घेऊन लगबगीने गेले. जेवणाच्या पंगती बसल्या, एक उठली, दुसरी बसायला आली. आत्या वाढता वाढता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुझे साहेब आत जाऊन लय वेळ झाला रे. बरं नाय काय त्यांना?"

"बरं आहे," मी म्हटलं. "पाणी प्यायलेत."